संबंधितांनी लक्ष घालावे

परवा रात्री 9.40 ला सोसायटीच्या ग्रुपवर संदेश पडला: "वेबसाइटवर थकबाकी भरण्याचे बटण दिसत नाही. संबंधितांनी लक्ष घालावे." 64 फ्लॅटच्या आमच्या सोसायटीत वेबसाइटशी संबंधित असा एकच इसम आहे, तो फुकट राबतो, आणि हे सर्वांना ठाऊक आहे. तरी अनेकवचन. वर अकरा जणांचे अंगठे.

बटण मी त्याच संध्याकाळी लावलं होतं. फाइलमध्ये ते होतं, सर्व्हरवर होतं, पानावर नव्हतं. एररही नाही.

सकाळी आठला खजिनदार काका लॅपटॉपसमोर हजर. काकांची पेठेत छापखाना चालवण्यात हयात गेली. आधी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून ट्रेडल यंत्रावर, मग ऑफसेटवर. खुर्ची ओढून ते माझ्या मागे बसले. मागे कुणी बसलं की मला स्वतःचा पासवर्डही आठवत नाही.

"हे काय?"

"काका, साइट जँगोत आहे, म्हणजे वेबसाइट बांधायच्या एका तयार सांगाड्यात. ही बेस फाइल. वरची पट्टी, डावीकडचा मेनू, तळाचा पत्ता, सगळं एकदाच इथे लिहायचं. मध्ये ठिकठिकाणी मोकळ्या जागा सोडायच्या, त्यांना ब्लॉक म्हणतात, प्रत्येकाला नाव असतं. बाकीच्या पानांनी पहिल्या ओळीत 'एक्स्टेन्ड्स' म्हणून बेसचं नाव घ्यायचं आणि फक्त ब्लॉक भरायचे."

"म्हणजे लेटरहेड."

"तसं नाही काका, यात वारसा असतो..."

"मग लग्नपत्रिका." काकांनी चष्मा काढला. छापखान्यातला माणूस चष्मा काढतो तेव्हा अर्धा तास गेलाच. "'आमच्या येथे श्रीकृपेकरून'पासून 'शुभाशीर्वाद द्यावेत ही विनंती'पर्यंत मॅटर बांधून ठेवलेलं. चि., चि. सौ. कां., तिथी, मुहूर्त आणि कार्यालय एवढंच बदलायचं. तळाशी एक ओळ असायची, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' गिऱ्हाइकाने काही सांगितलं नाही, तर ती तशीच जायची. एकदा एका एकुलत्या एक मुलीच्या पत्रिकेत गेली. ताई म्हणणारं कुणी नाहीच! 300 पत्रिका परत छापल्या, पदरच्या कागदावर."

ब्लॉकमधला मूळ मजकूर चाइल्ड पानाने, म्हणजे बेसचं नाव घेणाऱ्या पानाने, बदलला नाही तर तोच छापला जातो, हे मी नव्या पोरांना अर्धा दिवस समजावतो. काकांनी ते एका ताईत उरकलं. मला जरा रागच आला.

"बरं, मग बटण कुठे गेलं?"

मी फाइल खाली सरकवली. 'कंटेंट' ब्लॉक संपतो त्या 'एंडब्लॉक'च्या खाली, दोन ओळी सोडून, माझं बटण. आणि जँगोत एक्स्टेन्ड्स करणाऱ्या पानात ब्लॉकबाहेर जे काही लिहाल ते छापलंच जात नाही. ब्लॉकचं नाव चुकून 'कंटेट' लिहिलंत तरी तीच गत. त्या नावाची जागा बेसमध्ये नाही, म्हणून आतलं सगळं मुकाट्याने टाकून दिलं जातं.

"म्हणजे चौकटीच्या बाहेर खिळे ठेवलेस."

"हो."

"मग ते खाली पडले असतील."

"हो."

"खिळे खाली पडले की आवाज होतो. सगळा छापखाना मान वळवतो. ज्याने पाडले तो शिव्या खातो. तुझ्याकडे आवाज का नाही झाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. इतर बाबतींत हाच जँगो घसा फोडून ओरडतो. 'एक्स्टेन्ड्स'च्या आधी 'लोड', म्हणजे जादा सोयी मागवणारी ओळ, लिहा, लगेच एरर: हाच पहिला टॅग हवा. एका फाइलमध्ये एकाच नावाचे दोन ब्लॉक करा, एरर. बेसमध्ये 'लोड स्टॅटिक' आहे म्हणून चाइल्डमध्ये पुन्हा लिहिलं नाही, तरी एरर, कारण बेसमधलं 'लोड' वारशात येत नाही. फक्त तुमची अख्खी मेहनत गायब झाली की तो गप्प. मायक्रोसॉफ्टच्या रेझर या अशाच साधनात पानाने सेक्शन (त्यांचा ब्लॉक) लिहिला आणि लेआउटने (त्यांच्या बेसने) तो मांडला नाही, तर पान उघडतच नाही, सेक्शनच्या नावासकट तक्रार येते. लाराव्हेलच्या ब्लेड या तसल्याच साधनात सेक्शनबाहेरचा मजकूर थेट पानाच्या डोक्यावर, डॉक्टाइप या पहिल्या ओळीच्याही आधी जाऊन बसतो. ओंगळ दिसतो, पण दिसतो तरी!

आता जँगो हे नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. इंग्रजी स्पेलिंग 'डी'ने सुरू होतं आणि तो 'डी' उच्चारायचा नसतो. नावातलं पहिलंच अक्षर मूक, तिथे एररने का बोलावं? काकांना मी हेही सांगितलं की ही चीज अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाली आणि 2005 साली जगासाठी खुली केली गेली. काका खूश. "वर्तमानपत्र! म्हणजे आपलेच लोक." मग आवाज खाली आणून, "पण प्रुफं कोण बघायचं तिथे?"

तर बटण. ते फक्त थकबाकीदारांनाच दिसायला हवं होतं. मागे काका बसलेले, घड्याळात पावणेनऊ, आणि मला हुशारी सुचली. बेसमध्ये 'सूचना' नावाचा ब्लॉक होताच. मी चाइल्डमध्ये लिहिलं: इफ थकबाकी, आत सूचना ब्लॉक, आत बटण, मग एंडब्लॉक, मग एंडइफ. वाचायला अगदी सरळ मराठी. चढवलं.

चाइल्ड पानात ब्लॉकबाहेरचं काहीच चालवलं जात नाही, हे मी पाच मिनिटांपूर्वीच काकांना शिकवलं होतं. 'इफ'ही त्यातच येतो. पण त्याच्या पोटातला ब्लॉक मात्र जँगो हुडकून काढतो आणि साच्यात बसवतो. वॉचमनला घरी पाठवायचं आणि फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना आत घ्यायचं, असा कारभार. 64 च्या 64 फ्लॅटना लाल बटण दिसलं: 'आपली थकबाकी रु.' आणि पुढे आकडाच नाही, कारण पानाकडे न पोचलेल्या व्हेरिएबलच्या, म्हणजे बदलत्या माहितीच्या नावाच्या, जागी जँगो रिकामी जागा छापतो. आकडा असता तर लोकांनी भांडण तरी केलं असतं. आकडा नाही म्हटल्यावर घबराट पसरली.

काकांचा फोन वाजू लागला. मग त्यांनी स्वतःचं पान उघडलं. काका दर महिन्याच्या एक तारखेला मेंटेनन्स भरतात आणि पावती फाइलला लावतात. "मला? थकबाकी?" पुढची दहा मिनिटं मी इथे लिहीत नाही. मधेच त्यांनी विचारलं, "आणि गुरुवारी पाणी बंद असल्याची नोटीस कुठे गेली?"

तीही मीच खाल्ली होती. ती बेसमधल्या सूचना ब्लॉकमध्ये होती. चाइल्डने ब्लॉक लिहिला की मूळचा मजकूर पुसला जातो, तो ठेवायचा असेल तर आत 'ब्लॉक डॉट सुपर' लिहावं लागतं. सीएसएस (पानाची सजावट) आणि स्क्रिप्टच्या ब्लॉकमध्ये हे विसरलं की अख्ख्या पानाचे कपडे उतरतात. त्या मानाने नोटीस म्हणजे किरकोळच, पण गुरुवारी पाणी न भरून ठेवलेल्यांना ते कोण सांगणार!

शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. सगळ्यात बाहेरून ब्लॉक, त्याच्या आत पहिल्यांदा ब्लॉक डॉट सुपर, मग इफ, मग बटण. बटणाची वेगळी फाइल करून ती 'इन्क्लूड'ने आत आणली. त्याला 'विथ' लावून रक्कम दिली आणि शेवटी 'ओन्ली' लिहिलं. 'ओन्ली' नसेल तर इन्क्लूड केलेल्या तुकड्याला पानावरची सगळी व्हेरिएबलं दिसतात. मागे नोटिशींच्या 14 कार्डांवर ओळीने 'मुख्यपान' असं शीर्षक आलं होतं ते त्यामुळेच, कार्डाला स्वतःचं शीर्षक द्यायचं राहिलं आणि त्याने पानाचं उचललं. मग दोन टेस्ट, म्हणजे पान आपोआप तपासणारे तुकडे, लिहिल्या: थकबाकीदाराच्या पानावर 'असर्टकंटेन्स'ने बटण आहे ना, आणि बाकीच्यांच्या पानावर 'असर्टनॉटकंटेन्स'ने नाही ना. काका म्हणाले, याला आम्ही प्रुफ म्हणतो, आणि ते छापायच्या आधी काढतात.

"साधं बटण तर होतं," असं जिन्यावरून ऐकू आलं. साधं बटण! एकदा लिहा आणि चाळीस पानांवर वापरा, हे खरंच. पण एकदा चुका आणि चाळीस पानांवर निस्तरा हेही त्यातच आलं, आणि ते निस्तरायला अंगठे दाखवणारे अकरा जण येत नाहीत. ऑफिसात याच कामाला तिकीट निघालं असतं, दोन दिवसांचा अंदाज दिला असता, वर कुणीतरी थँक्यू म्हटलं असतं.

संध्याकाळी तीनदा तपासलं. सात थकबाकीदारांना बटण दिसतंय, आकड्यासकट. उरलेल्या 57 जणांना दिसत नाही. पाण्याची नोटीस जागेवर. मी चहा टाकला.

रात्री 9.40. काकांचा संदेश: "बटण पुन्हा दिसत नाही. संबंधितांनी लक्ष घालावे."