‘स्टिक पोटात ओढा आणि वळत राहा’ हा सल्ला नव्या पोट्ट्यांना देऊ नका

आमच्या दारव्हा-दिग्रस भागातल्या पोट्ट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची लढाऊ विमानं कॉम्प्युटरवर उडवायला शिकणाऱ्यांसाठी त्यात पाच नियम दिले आहेत: थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) कायम फुल्ल ठेवा, स्टिक (विमान वळवायचा दांडा) पोटात ओढून वळत राहा, जो घट्ट वळेल तो जिंकेल, शत्रू दिसला की लांबूनच गोळ्या सुरू करा, समोरासमोर भिडा, पळू नका, आणि महागडी स्टिक व फास्ट नेट नसेल तर या नादी लागू नका. हा मेसेज वाचून पोरं बसतात, दोन-चार संध्याकाळी नुसता मार खातात आणि ‘आपल्याले नाही जमत’ म्हणून सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पोरांमध्ये काहीच कमी नसतं.

सगळ्यात जास्त नुकसान दुसरा नियम करतो, म्हणून आधी तोच घेतो.

शेजारचा एक पोट्टा गेममध्ये ब्रिटिशांचं हरिकेन घेऊन जर्मन मेसरश्मिटच्या मागे लागला होता. स्टिक पूर्ण मागे. पहिल्याच ओढीला पडद्याच्या कडा काळ्या पडल्या (घट्ट वळणात वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, ती गेम अशी दाखवतो) आणि वेग ताशी ३५० किलोमीटरवरून २५० वर आला. दुसऱ्या चकरीत तो २०० च्या खाली गेला, विमान थरथरायला लागलं आणि डावा पंख एकदम खाली पडला. ‘म्या तं काहीच नाही केलं काका, इमान सोताच उलटलं!’ पण स्टिक अजून पोटातच होती. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की पंखाची उचल कोसळते, मग वेग कितीही असो. यालाच स्टॉल म्हणतात. सरळ उडताना जे विमान ताशी १२० किलोमीटरला स्टॉल होतं, तेच ४ जीच्या, म्हणजे वजन चौपट भासणाऱ्या, वळणात २४० लाच स्टॉल होतं. थरथर म्हणजे विमानाने दिलेला इशारा. तो कळला की स्टिक थोडी सैल सोडायची, बस्स. गिरकी लागलीच, तर थ्रॉटल बंद, स्टिक डावी-उजवीकडे न झुकवता मधोमध, गिरकीच्या उलट बाजूचं रडर (नाक डावं-उजवं वळवणारं शेपटीवरचं पातं) पूर्ण आणि मग स्टिक पुढे. फिरणं थांबलं की रडर सोडायचं आणि नाक हळूहळू वर घ्यायचं.

‘घट्ट वळेल तो जिंकेल’ हे इतिहासातही टिकत नाही. १९४१ मध्ये ब्रह्मदेशातल्या तौंगू इथे क्लेअर शेनॉल्ट हे अमेरिकन कमांडर आपल्या अमेरिकन वैमानिकांना पी-४० लढाऊ विमानांवर तयार करत होते. जपानी विमानं पी-४० पेक्षा कितीतरी घट्ट वळत. शेनॉल्टांची शिकवण अशी, की त्यांच्याशी वळण्याच्या फंदात पडूच नका. वरून सूर मारा, गोळ्या झाडा आणि निघून जा. डिसेंबर १९४१ पासून याच पद्धतीने ते लढले. पुढे १९४२ मध्ये अलास्काच्या ॲक्युटन बेटावर पडलेलं झीरो नावाचं एक जपानी लढाऊ विमान अमेरिकनांच्या हाती लागलं. दुरुस्त करून उडवून पाहिल्यावर कळलं, की कमी वेगात इतकं चपळ असणारं हे विमान वेग वाढला की डाव्या-उजव्या कुशीवर कलंडवायला जड जातं. म्हणून झीरोत बसला असाल तर जरूर वळा, पण वेग कमी ठेवून. थंडरबोल्टसारख्या जड अमेरिकन विमानात बसून तसं कराल तर जिंकण्याची गोष्टच विसरा.

वळण्याऐवजी उंची कमवा. शेतीची लाइन रात्री येते तेव्हा आपण पाणी वरच्या टाकीत चढवून ठेवतो आणि दिवसा लाइन नसतानाही ते आपल्या जोरावर वाहतं. उंचीही तशीच साठवलेली असते. हवेचा अडथळा सोडून हिशोब केला तर ताशी ५०० किलोमीटरचा वेग म्हणजे जवळजवळ १००० मीटर उंची. शत्रूच्या हजारभर मीटर वर राहा, सूर मारा, एक फैर झाडा. चुकली तर त्याच्यामागे वळू नका, त्याच वेगात पुन्हा वर चढा. तो तुमच्यामागे चढायला लागला, की वर येईपर्यंत त्याचा वेग संपलेला असतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे. कोणी मागून झेपावत असेल तर वळावंच लागतं. ब्रिटिश हवाई दलातला वैमानिक ‘सेलर’ मॅलन याच्या दहा नियमांतही हल्ल्याकडे तोंड वळवा असं सांगितलं आहे. पण ते एक वळण नेम चुकवण्यापुरतं असतं. चकरा मारत राहायचं नसतं.

लांबून गोळ्या झाडण्याचा हिशोब सरळ आहे. सुरुवातीच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला आठ मशीनगन होत्या आणि प्रत्येकीला ३०० गोळ्या. बटण धरून ठेवलं तर सारा साठा पंधरा सेकंदांत खलास. ताशी ४५० किलोमीटरने आडवा जाणारा शत्रू एका सेकंदात १२५ मीटर पुढे सरकतो, आणि ६०० मीटरवर पोचायला गोळीला जवळपास तेवढा वेळ लागतोच. पंखांतल्या गनांचा मारा ठरावीक अंतरावर एकत्र येतो. १९४० मध्ये बऱ्याच ब्रिटिश वैमानिकांनी ते अंतर कमी करून २५० यार्डांवर, म्हणजे सुमारे २३० मीटरवर आणलं. तुमच्या गेममध्येही ते बदलता येत असेल तर २५०-३०० मीटर ठेवा आणि सेकंद-दोन सेकंदांच्याच फैरी झाडा.

समोरासमोर भिडणं म्हणजे नुसता जुगार. दोघेही ५०० ने येत असतील तर ८०० मीटरचं अंतर तीन सेकंदांच्या आत संपतं, आणि दोघांनाही गोळी लागण्याची शक्यता सारखीच. बाजूला व्हा.

थ्रॉटलचं म्हणाल तर लढताना तो बहुतेक वेळ पुढेच असतो, हे कबूल. ‘कायम’ हा शब्द तेवढा काढा. आणीबाणीची जास्तीची ताकद सतत वापरली की इंजिन तापतं आणि ऐन वेळी दगा देतं. धावपट्टीवर तर थ्रॉटल एकदम मारूच नका. मर्लिन इंजिनाचं स्पिटफायर डावीकडे ओढतं, ग्रिफन इंजिनाचं उजवीकडे, कारण त्याचा पंखा उलटा फिरतो. हळूहळू वाढवा आणि रडरने नाक सरळ धरा.

शेवटचा नियम वाचून मला खरंच राग येतो. २००६ मध्ये आलेला ‘इल-२ १९४६’ हा विमानांचा गेम जुन्या कॉम्प्युटरवर आणि नेट नसतानाही चालतो. ‘डीसीएस’ या गेममध्ये मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाचा बिनबंदुकीचा प्रकार फुकट मिळतो; उडवणं शिकायला याहून चांगलं काही नाही. ‘वॉर थंडर’ साध्या माऊसवर खेळता येतो. जुनी, ढिली स्टिक मिळाली तर सेटिंगमध्ये मधला डेड झोन (स्टिक हलली तरी विमान दाद देत नाही तो पट्टा) थोडा वाढवा आणि मधल्या भागाची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे नेम धरताना नाक डुलणार नाही. रडरचे पायडल नसले तर कीबोर्डवरच्या दोन कळा पुरतात, फक्त त्या धरून ठेवू नका, थोड्या थोड्या दाबा.