मामा, एफ-का-का आणि टेक्स्टिल

मामा इचलकरंजीचे. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेला माणूस. गेल्या जुलैत जर्मनीत बाल्टिक समुद्रकाठी रोस्टॉकला आमच्याकडे आले तेव्हा त्यांना वार्नेम्युंडेच्या किनाऱ्यावर नेलं. वाळूत उतरायच्या वाटेवर 'टेक्स्टिलश्ट्रांड' अशी पाटी. मामा खूश! "हितं पण कापडाचा धंदा हाय व्हय गं?" थोडं पुढे गेल्यावर दुसरी पाटी, 'एफकेके'. जर्मन त्याचा उच्चार 'एफ-का-का' असा करतात. मामा म्हणाले, "आणि हे काका कोण?"

तिथे लोक कपड्यांशिवाय बसतात, हे मराठीत सांगायला गेले आणि अडले. 'नागडे' म्हणावं तर ती शिवी. 'नग्न' पेपरातल्या बातमीतलं. 'विवस्त्र' म्हटलं की द्रौपदी तरी आठवते, नाहीतर पोलीस पंचनामा. उरला 'दिगंबर'. पण तो नरसोबाच्या वाडीला टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायचा शब्द. आणि आमच्याकडचे दिगंबर भर मे महिन्यात बनियन घातल्याशिवाय दारसुद्धा उघडत नाहीत.

एफकेके म्हणजे 'फ्रायक्योर्परकुल्टुर', मुक्त देहाची संस्कृती. गंमत म्हणजे या शब्दात 'नागडं' कुठेच नाही. आपले सगळे शब्द माणसाला चिकटतात. हा जागेला चिकटतो. पाटीच्या अलीकडे टेक्स्टिल, म्हणजे कपडे घालून, पलीकडे एफकेके, आणि कुत्र्यांसाठी आणखी वेगळा पट्टा. तोच जर्मन गृहस्थ पाटी नसलेल्या चौकात तसाच उभा राहिला, तर त्याला दंड होऊ शकतो. शब्दाची दुसरी बाजूही सांगते. हायवेलगत 'एफकेके क्लब' अशी पाटी दिसली तर तिथे समुद्र शोधू नका, तो वेश्याव्यवसायाचा अड्डा असतो. तिथेही शब्दाचा अर्थ जागाच ठरवते.

आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र दोनच मतं. एक गट म्हणतो, "परदेशात काय, सगळे नागडेच." दुसऱ्याला वाटतं, "ते पुढारलेले, आपण मागास." दोघांनाही सांगावंसं वाटतं की इथलं भांडण जुनं आहे आणि अजून मिटलेलं नाही. 1920 मध्ये जर्मनीच्याच ज्युल्ट बेटावर असा किनारा होता. 1933 मध्ये नाझींनी या चळवळीवर बंदी घातली. पूर्व जर्मनीच्या सरकारने 1954 मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर बंदी घातली, लोक ऐकेनात, शेवटी 1956 मध्ये नियम करून परवानगी द्यावी लागली. 1990 नंतर पश्चिमेचे पर्यटक या किनाऱ्यांवर आले, त्यांना हे खपेना. त्या वादाला लोक चक्क 'चड्डीयुद्ध' म्हणायचे! 2024 मध्ये तर रोस्टॉकने उलटाच नियम केला: एफकेकेच्या पट्ट्यात कपडे घालून बसणाऱ्याला उठवता येतं.

आपल्याकडचा वाद मात्र कायम माणसावर घसरतो. 2020 मध्ये मिलिंद सोमण गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावला, फोटो टाकला, गुन्हा दाखल झाला. पुढे दोन वर्षांनी मुंबईत रणवीर सिंगच्या फोटोंवर तेच. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापत; त्यांनाही कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, पण त्या आतल्या लैंगिक विषयांवरच्या मजकुरामुळे. 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी 200 रुपये दंड झालाच. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, हा माणूस चांगला की वाईट? जागा कुठली, तिथे कोण होतं, कुणाला त्रास झाला का, हे कुणी विचारत नाही.

मी एफकेकेची भक्त नाही. आठ वर्षांत एकदाच गेले, तेही ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या आग्रहाने, आणि टॉवेल सोडला नाही. पण कुणी वळून पाहिलं नाही. त्याआधी गोव्यात पूर्ण सलवार-कमीजमध्ये गुडघाभर पाण्यात उभी होते, तर चार जण मोबाइल काढून उभे. म्हणून गोव्यात असा किनारा असावा की नसावा, या चर्चेत मला फारसा रस नाही. आधी फोन खिशात ठेवायची पाटी लावा आणि ती पाळली जाते का ते बघा. (इथेही मोबाइल आल्यापासून लोक बिचकतात, हे खरं.)

मामांना हे सगळं सांगितलं. ते पाटीपाशी थांबले, लांबवर एकदा पाहिलं आणि मागे फिरले. "अख्खं आयुष्य टेक्स्टिलमदी गेलं गं. आता ह्या वयात धंदा कुठं बदलू?"

संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी फक्त वेताच्या झाकणाच्या खुर्चीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'हवा चांगली आहे.'