एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडच्या कामाबद्दलच्या तक्रारीला गॅरेजतर्फे उत्तर

नमस्कार.

आपण आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन लिहिलेला अभिप्राय मी नीट वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे, की मॅनिफोल्डचा (इंजिनमधला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचा) एकच स्टड (मॅनिफोल्डला इंजिनशी घट्ट धरणारा, आटे पाडलेला दांडा) तुटलेला असताना दुसरा आम्ही तोडला, एका स्टडच्या नावाखाली सगळे बदलले, तासाभराच्या कामासाठी गाडी अडकवून ठेवली, बिल अंदाजापेक्षा वाढवले आणि एवढे होऊनही गाडी हातात आल्यावर बॉनेटमधून जळका वास आला. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकच्या मते क्लॅम्प लावून हे काम तासाभरात उरकले असते, असेही आपण लिहिले आहे. गाडीवाचून खोळंबा झाला की चीड येणारच, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र काम नेमके काय होते हे आपल्याला, आणि असाच आवाज करणारी गाडी घेऊन फिरणाऱ्या इतरांनाही, कळायला हवे असे मला मनापासून वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या स्टडबद्दल, कारण आरोपांत तोच सर्वांत गंभीर आहे. तो आमच्याच पान्याखाली तुटला हे खरे आहे, आणि त्याच वेळी फोटो पाठवून आम्ही ते आपल्याला कळवलेही होते. त्या फोटोत तुटलेल्या तोंडाकडे पुन्हा एकदा पाहावे, अशी विनंती आहे. त्या तोंडाचा बहुतेक भाग काजळीने आणि गंजाने काळा पडलेला आहे आणि फक्त एका कडेला नखाएवढी चकचकीत कोर दिसते. धातू आत्ता तुटला असेल, तर त्याचे तोंड सगळे उजळ दिसते. काजळी बसायला तडा आधीपासून उघडा असावा लागतो. म्हणजे तो स्टड बऱ्याच काळापासून चिरत आलेला होता आणि उरलेल्या त्या कोरीवर कसाबसा टिकून होता. नट सोडवण्यापूर्वी गंज सोडवणारे तेल मारून तो मुरत ठेवला होता, गॅसने तापवला होता आणि पाना पुढे-मागे हळूहळू फिरवत होतो. तरीही तो गेला. तसाच ठेवून गाडी परत दिली असती, तर तो रस्त्यात गेला असता.

हे स्टड का तुटतात, तेही सांगतो. आपल्या गाडीचे सिलिंडर हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड बसतो) ॲल्युमिनियमचे आणि मॅनिफोल्ड बिडाचा आहे. हेडमधून कूलंट फिरत असल्यामुळे ते फार तापत नाही, मॅनिफोल्ड मात्र कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा तुकडा ५०० अंशांनी तापला, तर सुमारे अडीच ते तीन मिलिमीटरने लांबतो. गाडी सुरू झाली की मॅनिफोल्ड दोन्ही टोकांकडे सरकतो, थंड झाली की परत येतो, आणि या ओढाताणीचा सर्वांत जास्त भार टोकांच्या स्टडांवर पडतो. आपल्या गाडीत तुटलेले दोन्ही स्टड मागच्या टोकाचेच होते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना येणारी आणि गाडी तापल्यावर कमी होणारी टिकटिक यातूनच आलेली होती: तापल्यावर धातू फुगतो, फट बरीचशी मिटते आणि मालकाला वाटते की गाडी आपोआप सुधारली.

ती फट नुसत्या आवाजापुरती नसते. बाहेर पडणाऱ्या गॅसच्या दोन झोतांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती जास्तीची हवा मोजतो, आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे असे समजून ईसीयू, म्हणजे इंजिनवर नियंत्रण ठेवणारा संगणक, पेट्रोल वाढवतो. त्यामुळे खर्च वाढतो आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्रास होतो. त्याहून मोठी काळजी कार्बन मोनॉक्साइडची आहे. या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि इंजिनच्या भागातून तो केबिनमध्ये शिरू शकतो. एक स्टड नसला तरी गाडी चालते असे आपल्याला सांगण्यात आले होते. गाडी चालते हे खरेच आहे, पण मी स्वतः अशा गाडीत लहान मुलांना बसवणार नाही.

आता वेळेबद्दल. नवा स्टड बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो हेडमध्ये अडकलेला जुना तुकडा हेडला धक्का न लावता बाहेर काढायला. दुसऱ्या स्टडचे थोडे टोक बाहेर होते, म्हणून त्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढता आला. पहिला मात्र हेडच्या पातळीच्याही आत तुटलेला होता. त्याच्यावर वेल्डचा थर चढवून पाहिला, पण पकड मिळाली नाही, आणि मग ड्रिल करण्यावाचून पर्याय उरला नाही. स्टडचे पोलाद कडक असते आणि भोवतीचे ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिलचे टोक जरा जरी घसरले तरी ते मऊ बाजूला पळते आणि हेडचे भोक वाकडे होते. म्हणून आम्ही शेजारच्या चांगल्या भोकांना एक पट्टी बांधून तिच्यात ड्रिल सरळ ठेवणारा मार्गदर्शक बुश बसवला, बरोबर मध्यावर बारीक भोक घेतले आणि ते टप्प्याटप्प्याने मोठे केले. इझी आउट (तुटलेला तुकडा पकडून उलटा फिरवण्याचे हत्यार) ठोकून काम लवकर आटोपण्याचा मोह अनेकांना होतो. ते हत्यार अतिशय कडक आणि ठिसूळ असते, आत तुटले की साधे ड्रिल त्याला लागत नाही, आणि मग हेड उतरवण्याची पाळी येऊ शकते. तुकडा निघाल्यावर जुने आटे खाल्लेले दिसले, म्हणून तिथे नव्या आट्यांचे इन्सर्ट बसवले. त्याची पकड मऊ ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा चांगली असते.

क्लॅम्पबद्दल आपल्या मेकॅनिकचे म्हणणे सरसकट चूक नाही. काही इंजिनांत हेडच्या टोकाला एखादे रिकामे आटे पाडलेले भोक असते, त्याला बांधून क्लॅम्पने मॅनिफोल्ड दाबता येतो आणि असे जुगाड काही काळ उत्तम चालते. आपल्या इंजिनला तसे भोक नाही. ते असते, तर निदान तात्पुरता पर्याय म्हणून मी आपल्यापुढे तो जरूर ठेवला असता.

सगळे स्टड बदलण्याविषयी मी आपल्याला फोनवर विचारले होते आणि आपण होकार दिला होता. बाकीच्या स्टडांनीही तेवढाच ताप सोसलेला होता आणि त्यांपैकी काहींची मान गंजाने बारीक झालेली होती. ते तसेच ठेवून त्यांच्यावर नवे गॅस्केट (सांध्यातून गॅस गळू नये म्हणून मध्ये घालायची पट्टी) आवळले असते, तर काही महिन्यांत हेच काम पुन्हा निघाले असते आणि मॅनिफोल्ड उतरवण्याची मजुरी आपल्याला दुसऱ्यांदा भरावी लागली असती. नट आणि गॅस्केट यांचा पुन्हा वापर आम्ही करत नाही. मॅनिफोल्डची बैठक सरळपट्टी आणि फीलर गेजने (बारीक फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) तपासली, ती सरळ निघाली, त्यामुळे तो घासून घेण्याचा खर्च वाचला. नट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात, निर्मात्याने दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळले आहेत. ते जास्त आवळण्याने फायदा तर होत नाहीच, उलट स्टड पुन्हा ताणला जातो.

अंदाजाच्या कागदावर ‘तुकडा अखंड निघाल्यास’ असे लिहिलेले आहे. त्याची प्रत आपल्याकडे आहे. ड्रिल आणि इन्सर्ट यांचा खर्च त्यापलीकडचा होता आणि तो काम सुरू करण्यापूर्वी आपल्याला सांगितला होता. जळक्या वासाचे कारण म्हणजे स्टड सोडवताना मारलेले तेल मॅनिफोल्डवर थोडेफार राहतेच, आणि ते पहिल्या काही फेऱ्यांत जळून जाते. गाडी देताना आमच्या माणसाने हे सांगितले होते, तरी तो वास अजून येत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

कृपया गाडी संध्याकाळी आणून रात्रभर आमच्याकडे ठेवावी, म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना आपल्यासमोर सुरू करून गळती तपासता येईल आणि सगळ्या नटांचा टॉर्कही पाहता येईल. या तपासणीचे पैसे लागणार नाहीत. आपले जुने स्टड आणि ड्रिल करून काढलेला तुकडा पाकिटात घालून जॉब कार्डाला जोडून ठेवले आहेत. ते आपण पाहावेत आणि हवे असल्यास आपल्या मेकॅनिकलाही दाखवावेत.