बाई, तो शाळेत शांत असतो म्हणूनच

बाई, नमस्कार.

मागच्या आठवड्यात मी माझ्या पाचवीतल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लेकाच्या मार्च-एप्रिलमधल्या थकव्याबद्दल इथे लिहिलं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. पहिल्यांदा वाचली तेव्हा फोन पालथा घालून भाजी निवडायला बसले. दोन दिवसांनी पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की तुम्ही रागावून लिहिलंय, पण मनापासून लिहिलंय. म्हणून हे उत्तर.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाईंनी 32 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यांचं म्हणणं, वर्षाच्या शेवटी सगळीच पोरं दमतात, त्यात स्वमग्न मुलाचं वेगळं ते काय. शाळेत तो गप बसतो असं मीच लिहिलंय, म्हणजे मनात आणलं तर त्याला जमतं. घरी मात्र आईचं पाणी त्याने जोखलंय. दर बुधवारी त्याला घरी ठेवणं म्हणजे लाड, तेही ताप आल्याचं शाळेला खोटं सांगून. पाचवीला आता नापास करतात हे मला माहीत आहे का? आणि शेवटी, 'आमच्या वेळी अशी मुलं नव्हती.'

खोट्याचं आधी. तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. दोन बुधवार मी ताप सांगितला. तिसऱ्या वेळी वर्गशिक्षिकेने काळजीने विचारलं, 'डॉक्टरांना दाखवलं का?' आणि मला मान वर करवेना. त्या दिवशी खरं काय ते सांगून टाकलं. 48 मुलांच्या वर्गात त्या बिचाऱ्या तरी काय काय बघणार, पण त्यांनी ऐकून घेतलं. आधीच सांगायला हवं होतं. हा मुद्दा तुमचा.

आता 'शाळेत शांत बसतो' याबद्दल. बाई, आपल्याकडे उसनं अवसान आणणं म्हणतात ना, तो सकाळी सातपासून तेच करत असतो. कोपऱ्यातला पंखा कटकट करतो, तिकडे लक्ष जाऊ द्यायचं नाही. हात हलवावेसे वाटतात, ते मांडीखाली दाबून ठेवायचे. शेजारचा मुलगा हसला तर तो आपल्याला हसला की आपल्यासोबत, याचा हिशोब करायचा. शिक्षिका 'शाबास रे पठ्ठ्या' म्हणाल्या, त्या कौतुकाने की वैतागून? तुमच्या-माझ्या डोक्यात हे आपोआप होतं, तो प्रत्येक वेळी हाताने गणित सोडवतो. मग घरी येतो आणि उसनं घेतलेलं फेडतो. तुम्हाला दिसली ती फक्त वसुली, आणि ती माझ्या दारात होते म्हणून तुम्हाला वाटलं मीच ढिली आहे.

सगळी मुलं दमतात, मान्य. माझी धाकटी पण दमते. ती शाळेतून येते, दप्तर फेकते, दोन घास खाते आणि खाली खेळायला पळते. खेळून ताजी होऊन येते. थोरल्याला खाली पाठवलं तर ती त्याची दुसरी शाळा. तिथेही नियम, आरडाओरडा, कोण आऊट आणि कोण नाही यावरून भांडणं. जिथे इतर मुलांचा शीण उतरतो तिथे याचा चढतो.

आणि ही नुसती झोपेने जाणारी दमणूक नसते. 2020 मध्ये डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ स्वमग्न व्यक्तींशी बोलून या थकव्यावर अभ्यास केला. त्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: महिनोन्‌महिने न जाणारा शीण, आधी येत असलेल्या गोष्टी न येणं, आणि आवाज-उजेड-स्पर्श सहन करण्याची ताकद कमी होणं. अभ्यास मोठ्या माणसांचा होता, पण वाचताना मला माझं घर दिसलं. डिसेंबरात हा पठ्ठ्या बुटाची नाडी स्वतः बांधत होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी दारात बसला, दोन्ही नाड्या हातात धरल्या आणि नुसता बघत राहिला. जणू कुणीतरी त्या पहिल्यांदाच हातात दिल्या होत्या. मी म्हटलं, अरे येतं की तुला. तो म्हणाला, 'येत होतं.' त्या दिवशी रिक्षा चुकली. डबा तर फेब्रुवारीपासूनच जसाच्या तसा परत येतो. बोलणंही आटत जातं. एप्रिल उजाडेपर्यंत 'नको' आणि 'बंद कर' एवढे दोनच शब्द उरतात.

अभ्यासाने असं होतं असं तुम्हाला वाटतंय का? अभ्यास त्याला आवडतो हो. त्याला मोडतं ते वेळापत्रक मोडणं, आणि आपल्या शाळांचं वर्ष शेवटी शेवटी किती विस्कटतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! याच्या शाळेत दहावीचं केंद्र असतं. तेवढे दिवस याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्याच्या चित्रकलेच्या खोलीत जातो. शिक्षक पर्यवेक्षणाला, म्हणून रोज वेगळ्या बाई. मग उन्हामुळे सकाळची शाळा, म्हणजे उठण्यापासून जेवणापर्यंत सगळं दोन-तीन तास अलीकडे. मध्येच धुळवड, रंगपंचमी, पाडवा. तोंडी परीक्षा 'जमेल तशी' घेतात. त्यात 2025 पासून वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्या. (2 एप्रिलच्या स्वमग्नता दिनाचं तर विचारूच नका. एका ठिकाणी त्या निमित्ताने आमच्या मुलांना निळे टी-शर्ट घालून, मोठमोठे स्पीकर लावून नाचवलं होतं. अर्ध्या मुलांनी कान झाकलेले, आणि फोटोखाली लिहिलं होतं 'आनंदी क्षण'.)

यंदा एका रात्री दहा वाजता ग्रुपवर निरोप आला, सोमवारचा मराठीचा पेपर बुधवारी. निरोप चार शब्दांचा. पण त्याने कालनिर्णयवर सोमवारच्या चौकोनात लाल पेनाने 'मराठी' लिहून ठेवलं होतं. पुढचा दीड तास तो भिंतीपाशी उभा राहून 'सोमवारी मराठी, सोमवारी मराठी' म्हणत होता. आवाज वाढत गेला, मग कॅलेंडर खाली आलं, मग डोकं भिंतीवर. तुम्ही ज्याला तमाशा म्हणालात तो हा. मी फक्त दिवे घालवले, त्याच्या डोक्यामागे उशी धरली आणि गप्प बसले, कारण अशा वेळी समजावणं म्हणजे आणखी आवाज. बाराला तो स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर पोटावर झोपला, कारण ती गार असते.

म्हणून बुधवार. एक दिवस मधे मोकळा मिळाला की उरलेले चार दिवस तो शाळेत जाऊ शकतो. गेल्या वर्षी बुधवार दिला नव्हता, तर एप्रिलमध्ये सलग नऊ दिवस तो उंबऱ्याबाहेर पडला नाही. बाकी आम्ही करतो ते काढण्याचंच काम आहे. फेब्रुवारीपासून तबला बंद. थेरपीच्या ताईंनाच म्हटलं, दोन महिने नवीन काही शिकवू नका, झोका आणि उशांचा खेळ एवढंच करा. शाळेतून आला की गणवेश उतरवायचा, दहीभात खायचा (रोज दहीभातच, सासूबाईंची बोलणी मी खाते) आणि तासभर त्याला कुणी काही विचारायचं नाही. 'शाळेत काय काय केलं?' हा प्रश्न तर अजिबात नाही. बदल कळला की रात्री सांगायचा नाही. सकाळी, त्याच्यासमोर जुनं खोडून, नवीन त्याच्याच हाताने लिहून घ्यायचं. परीक्षेला त्याच्या नेहमीच्या दाराजवळच्या बाकावर बसू देण्याची विनंती केली, ती मान्य झाली.

सुट्टी लागली की आपोआप ठीक होईल, हेही तुम्ही लिहिलंत. मीही तसंच समजायचे. उलट मेचा पहिला आठवडा सगळ्यात वाईट जातो, कारण उरलंसुरलं वेळापत्रकही जातं. आता तो आठवडा आम्ही पाहुणे, गाव, छंदवर्ग काही ठेवत नाही. शाळा बंद व्हायच्या आत पुढच्या वर्गाच्या खोलीचा फोटो काढून आणते. तो फोटो फ्रिजवर लागतो आणि जूनपर्यंत तिथेच असतो.

नापासाचं म्हणाल तर हो, माहीत आहे. पाचवी आणि आठवीला आता नापास करता येतं, पण आधी पुनर्परीक्षा घेतात. शिवाय दिव्यांग मुलांना पेपरला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, त्यासाठी अर्ज केलाय. आणि समजा राहिला एक वर्ष, तर राहिला. नाडी बांधता न येणारा पोरगा सहावीत ढकलून मला काय मिळणार?

'आमच्या वेळी अशी मुलं नव्हती', यावर मात्र मी जरा अडखळले. अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. 2016 च्या कायद्यात 21 झाले, तेव्हा ती आली. म्हणजे तुमच्या बहुतेक नोकरीत त्या यादीत या मुलांना नावच नव्हतं. पण माझ्याच वर्गात एक मुलगा होता, सगळ्या एसटी गाड्यांचे नंबर पाठ, हात लावला की किंचाळायचा. आम्ही त्याला 'येडा' म्हणायचो. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. तुमच्याही हजेरीपटावर असं एखादं नाव असेल, फेब्रुवारी-मार्चपासून गैरहजेरीच्या खुणा असलेलं. मी दोष देत नाहीये, बाई. विचारतेय.

आणि एक राहिलं. तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी एक ओळ होती: 'तोंडी परीक्षा तरी त्याची सगळ्यांच्या आधी घ्यायला सांगा, नंबराची वाट बघण्यातच पोरं अर्धी होतात.' ती मी उचलली. वर्गशिक्षिका हो म्हणाल्या. गुरुवारी साडेसातला तो आत गेला, पावणेआठला मोकळा. घरी आला तेव्हा डबा अर्धा संपलेला होता.