‘जागरूक नागरिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मैदानांच्या आरक्षणावरच्या मागच्या लेखाखाली ‘जागरूक नागरिक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथेच लिहायला घेतलं होतं, पण ते लांबलं, म्हणून वेगळं टाकतो. लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी एवढंच लिहिलं होतं की लहान शहरांच्या विकास आराखड्यातली मैदानं, बागा, शाळांच्या जागा, म्हणजे खाजगी जमिनींवर सार्वजनिक कामासाठी टाकलेली आरक्षणं, अनेकदा कुणी ठराव करून काढून टाकत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ खाली, मालकाच्या नोटिशीनंतरची चोवीस महिन्यांची मुदत संपून ती जातात. त्यावर महोदयांचं म्हणणं असं: “आरक्षण आपोआप जातं हा शुद्ध भंपकपणा आहे, कुणाची तरी सही लागतेच. चोवीस महिने कुठून काढलेत, मुदत सहा महिन्यांची आहे. असले लेख कोण लिहून घेतं ते गावाला माहीत आहे. आमच्या कॉलनीची ओपन स्पेस, अठरा मीटरचा डीपी रोड, नदीकाठचे प्लॉट, सगळीकडे नगरसेवकांनी पैसे खाल्ले आणि तुम्ही कलमं सांगत बसलात.” सुनावणी म्हणजे नाटक असतं, असंही शेवटी एक वाक्य आहे.

आधी भाषेबद्दल. ‘भंपकपणा’ मी सोडून देतो. मतभेद असला की माणूस असं बोलून जातो. पण ‘लेख लिहून घेतला’ हा आरोप आहे, आणि आरोप करताना खाली स्वतःचं नाव लिहायची हिंमत दाखवायला हवी होती. नगररचनेच्या टेबलावर मी नोकरी केली आहे. ट्रेसिंगवर आरक्षणं रंगवण्यापासून सुनावणीची टिपणं लिहिण्यापर्यंतची कामं हाताखालून गेली आहेत. कुठल्या कागदावर कुणाची सही लागते हे मला कुणी शिकवावं, अशी वेळ अजून आलेली नाही. राहिला कलमं सांगत बसल्याचा आक्षेप. नगररचनेवरच्या लेखात कलमं नाहीत तर काय, पोवाडा लिहायचा?

मुदतीबद्दल तुमचं म्हणणं अगदीच निराधार नाही, हे मोकळेपणाने सांगतो. मूळ तरतुदीत नोटिशीनंतर सहा महिनेच होते. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे बारा झाले आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस. जुने निकाल वाचणाऱ्याला सहाचाच हिशेब सापडतो. आज बजावलेल्या नोटिशीला मात्र चोवीस महिनेच लागू आहेत.

आता ‘कुणाची तरी सही लागतेच’. बाकी सगळं बाजूला ठेवून मी याच वाक्यावर बोलणार आहे, कारण याच समजुतीपायी लोक चुकीच्या दारात जाऊन घोषणा देतात.

सही लागते ती कलम ३७ ला. मंजूर आराखड्यातलं एखादं आरक्षण बदलायचं असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव, राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना, हरकतींना एक महिना, त्यावर सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे, नगररचना संचालकांशी विचारविनिमय आणि शेवटी नगरविकास विभागाची अधिसूचना. म्हणजे नुसत्या ठरावाने नगरसेवकांना एक चौरस मीटरही हलवता येत नाही. शिवाय या वाटेवर गाजावाजा होतो. जाहिरात येते, हरकती पडतात, बातम्या होतात. ज्याला आरक्षण गुपचूप घालवायचं आहे तो या वाटेने जाईल कशाला?

तो कलम १२७ ची वाट धरतो. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षं जाऊ द्यायची. तेवढ्यात जागा संपादित झाली नाही की मालकाने नगरपरिषदेवर नोटीस बजावायची. सोबत हक्काचे कागद: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, मोजणीचा नकाशा, आराखड्याचा भाग नकाशा. नोटीस पोचल्यापासून चोवीस महिने मोजायचे. त्यात जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाचं पाऊलही पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे संपुष्टात आलं, असं कायदाच मानतो, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो या जमिनीला चालू लागतो. शेजारी नकाशात पिवळा रहिवास असेल तर हिरवं मैदानही पिवळं. विम्याचा हप्ता चुकला की पॉलिसी बंद पडते. तिथे कुणी सभा बोलावून ठराव करत नाही, तसंच हे.

दहा वर्षं मोजताना मात्र भलेभले घसरतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्याची तारीख धरायची नाही, मंजूर आराखडा अंमलात आल्याची धरायची. ती मंजुरीच्या अधिसूचनेतच दिलेली असते. आराखडा भागशः मंजूर झाला असेल तर वगळलेल्या भागाची, ज्याला ऑफिसात ‘ईपी’ म्हणतात, मंजुरी मागाहून येते आणि त्याचं घड्याळ वेगळं चालतं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या आरक्षणांची दहा वर्षं वेगवेगळ्या दिवशी भरू शकतात. शिवाय नुसती दहा वर्षं उलटल्याने काहीच होत नाही, नोटीस लागतेच. नोटीस देण्याआधी सुधारित आराखडा अंमलात आला आणि त्यात तेच आरक्षण कायम असेल तर मोजणी नव्याने सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. मालकाने वेळेवर नोटीस न दिल्याने आरक्षण वाचलं, असंही म्हणूनच घडतं.

आता चोवीस महिन्यांत नगरपरिषदेत काय चालतं ते बघा. नोटीस आवक-जावक टेबलावर येते, शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो. मुख्याधिकारी कोपऱ्यात ‘नगररचना’ लिहून ती खाली पाठवतात. मग टिपणी, मग सभेचा विषय, मग ‘जागा संपादित करण्यात यावी’ असा ठराव, आणि त्याची प्रत जोडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र. सगळे खूश; कारवाई झाली! जिल्हाधिकारी कार्यालयातून उलट पत्र येतं: संयुक्त मोजणी करा, अंदाजित मोबदल्याची रक्कम भरा. इथे फाईल बसते ती बसतेच.

ठराव आणि पत्र म्हणजे पाऊल नव्हे, हे कळायला फार लांब जायला नको. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तेच म्हटलं. श्रीरामपूरसारख्या आपल्यातल्याच गावाच्या नगरपरिषदेने हा मुद्दा पुन्हा दिल्लीपर्यंत नेला. २०१३ मध्ये निकाल लागला तो नगरपरिषदेच्या विरोधात: नियोजन प्राधिकरणाचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांना किंवा अगदी शासनाला लिहिलेलं पत्र, ही संपादनाची सुरुवात धरता येत नाही. कलम १२६ खालची संपादनाची घोषणा मुदतीत राजपत्रात यायला हवी. तरीही कित्येक नगरपरिषदा चोविसाव्या महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांना घाईघाईने पत्र धाडतात आणि निर्धास्त होतात. कागदी घोडे नाचवणं ते हेच.

आणि घोषणा का निघत नाही? पैसे नाहीत म्हणून. समजा मैदान ४,००० चौरस मीटरचं आहे, म्हणजे एक एकराला किंचित कमी, आणि बाजारमूल्य चौरस मीटरला ५,००० रुपये धरलं. जमिनीचेच झाले दोन कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे चार कोटी. बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्क्यांची वाढीव रक्कम वेगळी, म्हणजे दर वर्षाला आणखी चोवीस लाख. झाडं, विहीर, पत्र्याची शेड असेल तर तेही धरा. आराखड्यात अशी आरक्षणं डझनावारी असतात आणि त्यांची दहा वर्षं साधारण एकाच सुमाराला भरतात. पाणीपट्टी नीट वसूल न होणाऱ्या नगरपरिषदेने हे कुठून आणायचं?

यावर ‘टीडीआर द्या की’ म्हणणारे असतात, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे जास्त बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क. देता येतो, दाट वस्तीबाहेर जागेच्या दुप्पट मिळतो. पण तो मालकाने स्वीकारायला हवा, त्याच्या गळ्यात बांधता येत नाही. आणि लहान शहरात तो घेणार कोण? राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत दाट वस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१ आहे, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधता येतं, तालुक्याच्या गावात एक मजला चढवून थांबणाऱ्याला तेवढाच संपत नाही, तो वरचं क्षेत्र विकत कशाला घेईल? नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरताही येत नाही आणि जुन्या गावातले निम्मे बोळ तसेच. पुण्या-ठाण्यात टीडीआर म्हणजे पैसा. आपल्याकडे तो मालकाच्या कपाटातला कागद.

एका सहीचा मुद्दा तुम्ही काढू शकला असतात, काढला नाहीत, म्हणून मीच काढतो. १२७ च्या पोटकलम (२) प्रमाणे व्यपगत झाल्याचा आदेश शासन राजपत्रात प्रसिद्ध करतं. त्यावर सही असते, बरोबर. पण ती सही आरक्षण घालवत नाही, गेल्याची नोंद घेते. तो आदेश नसला की बांधकाम परवानगीचं टेबल फाईल पुढे सरकू देत नाही, म्हणून मालक त्यासाठी मंत्रालयात खेटे घालतो, नाहीतर उच्च न्यायालयात जातो. ती सही रोखून मैदान परत येत नाही.

आता तुम्ही म्हणाल की चोवीस महिने हातावर हात धरून बसणं हाही निर्णयच, आणि तो विकत घेता येतो. म्हणा की. पण ते तुम्ही लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंत सही. फाईल कपाटात का राहिली याचा पुरावा माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही. असता तर तुम्ही टोपणनावाने लिहीत बसला नसता. आणि नगरसेवक म्हणजे नेमके कोणते हो? २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि तिथे वर्षानुवर्षं प्रशासक बसले. त्या काळात मुदत भरलेल्या नोटिशींचं खापर रिकाम्या खुर्च्यांवर फोडायचं असेल तर खुशाल फोडा.

बाकीचं थोडक्यात. कॉलनीची ओपन स्पेस म्हणजे मंजूर रेखांकनातली खुली जागा. ती आराखड्याचं आरक्षण नव्हे, तिला १२७ लागू नाही, तिथे अतिक्रमण असेल तर तक्रार वेगळी करा. अठरा मीटरच्या रस्त्यावर मी एक ओळही लिहिलेली नव्हती. नदीकाठचे प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहेत की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये, हे तुम्ही सांगितलेलं नाही. दोन्हींचे नियम निराळे, तेव्हा सर्व्हे नंबर कळवा, मग बोलू. सुनावणी नाटक असते का? काही असतात.

तरीही खरंच काही करायचं असेल तर एक काम सांगतो, दहा रुपयांचं आहे. माहिती अधिकाराचा जोडपत्र ‘अ’ चा नमुना घ्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि नगरपरिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे कलम १२७ खाली आलेल्या नोटिशींची यादी मागा: आवक क्रमांक, दिनांक, आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर, आणि प्रत्येक नोटिशीवर आजवर झालेल्या कार्यवाहीची प्रत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असते, त्यामुळे ओपन स्पेस, रस्ता आणि नदी त्याच अर्जात कोंबू नका. नाहीतर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगतील. उत्तराला तीस दिवस. आलं नाही तर प्रथम अपील.

यादी हातात आली की प्रत्येक आवक दिनांकापुढे चोवीस महिने मांडा. ज्यांची मुदत उरली आहे तीच लढण्याजोगी. तिथे ‘मैदान वाचवा’ असं मोघम निवेदन देऊ नका. अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या लेखाशीर्षात किती तरतूद केली, संयुक्त मोजणीचं शुल्क भूमी अभिलेखकडे कधी भरलं, कलम १२६ च्या घोषणेचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला आणि सोबत रक्कम गेली का, एवढंच लेखी विचारा. सगळी आरक्षणं वाचवण्याइतका पैसा नसतो, तेव्हा कुठली दोन-तीन वाचवायची हेही गावाने सांगावं लागतं. मोजणीची तारीख मिळायलाच महिने जातात. नोटिशीला अठरा महिने उलटून गेले असतील तर नगरपरिषदेच्या आश्वासनावर विसंबू नका.

ही यादी मिळाली की पुन्हा लिहा. प्रतिक्रिया जशीच्या तशी प्रसिद्ध करीन, फक्त ‘लिहून घेतलं’ हे दोन शब्द गाळून.