‘पैसा भरपूर आहे, सरपंच खातो’ हा मेसेज पाठवणाऱ्यांसाठी

महिसागर नदीवरचा गंभीरा पूल पडल्यापासून आपल्या बडोद्याच्या ग्रुप्सवर एकच मेसेज फिरतोय, की रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर सेस भरतो, टोल भरतो, पंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतात ते वेगळेच, तरी गावचे रस्ते-पूल खचतात कारण सरपंच खातो. चार वेळा आला, आता लिहितोच.

आधी गंभीरा. 9 जुलै 2025 ला पडला, 20 हून जास्त माणसं गेली, पण पूल राज्याच्या बांधकाम खात्याचा, 1985 चा. सरपंचाचा काडीचा संबंध नाही, निलंबित झाले तेही खात्याचे इंजिनिअर. आणि नव्या पुलाला 212 कोटी मंजूर होतात हो, जुना धड ठेवायलाच कुणी नसतं.

टोल हायवेंसाठीच. रोड टॅक्स राज्याच्या एकाच तिजोरीत पडतो, तुमच्या गावच्या खड्ड्याचं नाव त्यावर लिहिलेलं नसतं. सेस दिल्लीला जातो, तिथे हायवे, रेल्वे, सगळेच वाटेकरी.

वित्त आयोगाचं म्हणाल तर पंधराव्या आयोगाच्या (2021 ते 2026) ग्रँटमधले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेले होते, उरलेल्यात बाकीचं गाव चालवायचं. शिवाय दोन गावं जोडणारा रस्ता बहुतेक वेळा जिल्हा पंचायतीच्या बांधकाम शाखेकडे असतो, ग्रामपंचायतीकडे नाही.

आता खातात का? खातात, मी कुठे नाही म्हणतोय. पण खायला नवीन काम लागतं, रस्त्याखालून पाणी जायची मोरी साफ करण्यात खाण्यासारखं काय असतं?

बडोद्याजवळ पादऱ्याकडे मामेभावाचं शेत आहे, तिथल्या रस्त्यावर पंतप्रधान ग्राम सडक योजनेचा बोर्ड आहे, पुढच्या वेळी असा बोर्ड दिसला तर गाडी थांबवून वाचा. बांधकामाचा खर्च, आणि खाली देखभालीची रक्कम, पहिलं वर्ष, दुसरं, असं पाचव्यापर्यंत, कारण तेवढी वर्षं ठेकेदाराने बघायचं असा करारच असतो. सहाव्या वर्षाची ओळच नाही. तिथून पुढेही राज्यानेच बजेटमधून द्यायचे, आणि तिथेच हात आखडतो. त्या रस्त्याची पाच वर्षं कधीच संपलीत. मोरीचे पाइप तुंबले, पाणी साइडपट्टीवरून वाहिलं, कडेचं डांबर हातभर कातरलं गेलं. शेवटी मामेभावानेच दोन मजूर लावून पाइप मोकळे केले, चिखल, प्लास्टिक आणि एक अख्खा टायर निघाला.