गॅस गिझर: ‘वास नाही म्हणजे धोका नाही’ हे चूक

‘वास येत नसेल तर न्हाणीघरातला गॅस गिझर निर्धोक’ असा निरोप गोव्यात फोंडा-डिचोलीकडे फिरतोय. हे साफ चूक आहे. वास येतो तो गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा. जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. ज्योतीला हवा कमी पडली की तो तयार होतो, आणि त्याला ना वास ना रंग. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. कडी काढायचंही बळ उरत नाही. पावसाची झड आत येते म्हणून आपण झरोक्याला प्लास्टिक ठोकतो, ते आजच काढा. गिझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवा. तोवर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळ.